वाघमारे काकांच्या गॅलरीतली शब्बो

वाघमारे काका पेशंटला आजार कधीच विचारत नाहीत. आधी खुर्ची रुमालानं पुसतात, मग बसतात आणि म्हणतात, "बोला, ब्रेकडाउन कुठं हाये?"

पेशंट घाबरून छातीवर हात ठेवतो.

"तिथलं डॉक्टर बघतील. घरचं सांगा."

काकांची सगळी नोकरी वाळूजच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या रुग्णालयाच्या मदतनिधीत बिनपगारी रुजू झाले. ते काम मी बघते. ऑपरेशन मोफत केलं की लोक धावत येतील, असं आमच्या देणगीदारांना वाटतं. लोक येत नाहीत. कुणाला रजा मिळत नाही, कुणाला लिफ्टची भीती वाटते. लासूर स्टेशनच्या एक बाई तर नवऱ्याला भाकरी येत नाही म्हणून ॲडमिट होईनात. काकांनी नवऱ्याला स्वतःच्या घरी नेऊन भाकरी शिकवली. त्याची पहिली भाकरी बघून बाईंनी ऑपरेशनच रद्द करायला घेतलं, पण त्यांना आम्ही कसंबसं थांबवलं.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र काका असह्य आहेत. माझ्या टेबलावरचा चहाचा डाग ते आधी मला दाखवतात आणि मग पुसतात.

तर सिल्लोडकडच्या जुलेखाबी. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. उशीर झाला तर कायमचा अंधार, हे त्यांना माहीत होतं. तरी दोनदा वॉर्डातून उठून घरी गेल्या. काकांनी आपला प्रश्न विचारला.

"मेरी शब्बो अकेली है घर में."

"लेक का?"

"बकरी."

"मग शेजारी बांधा की!"

"पिछली बार बांधी थी. दूध पीके वो मोटे हुए, बकरी मेरी दुबली हुई."

मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, बकरी आपल्या कामात बसत नाही.

"मॅडम, लाइन बकरीपाशी थांबलीय. तुमी डोळ्यापाशी काय शोधताय?"

दुसऱ्या दिवशी शब्बो सिडकोत, काकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं. वर गेले तर काका सेफ्टी शूज आणि गॉगल घालून, मोबाइलवर व्हिडिओ लावून दूध काढत होते. शब्बोनं लाथ मारली. गॉगल उडाला.

"लई आडमुठी हाये," काका कौतुकानं म्हणाले.

"आमच्या नियमात कुत्रं चालतं, बकरी नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"ती भुंकत नाय, ह्योच गुन्हा व्हय?"

सोफ्यावर लेंड्या होत्या. मला दिसल्या. काकांना दिसल्या नाहीत.

ऑपरेशन छान झालं. जुलेखाबी शब्बोला न्यायला आल्या, तर काका दारातच उभे.

"अजून आठ दिवस ऱ्हाऊ द्या. बकरीच्या केसांची धूळ डोळ्यात जाईल."

"डॉक्टर बोले क्या?"

"डॉक्टरला बकरीतलं काय कळतंय?"

जुलेखाबींनी नव्या डोळ्यानं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग दोरी सोडली आणि शब्बोला टेम्पोत चढवलं.

महिन्याभरानं त्या तपासणीला आल्या. डोळा उत्तम होता. काका औषध आणायला खाली गेलेत असं बघून त्या माझ्याकडे सरकल्या.

"बाई, चाचा रोज शामकू फोन करते. पहले पूछते, दवा डाली क्या. फिर बोलते, फोन जरा शब्बोके कानकू लगाओ."

"मग?"

"फिर बोलतेच रहते. आज क्या पकाया, कितना बचा, बीवी जिंदा होती तो क्या बोलती. वो अपने सुनने का नहीं ना, बाई. मैं फोन उसके गलेकू बांध देती और चूल्हे कने जाके बैठती."

"चुलीपाशी अजिबात बसायचं नाही," मी जरा जोरातच म्हटलं. "डोळ्याला धूर लागतो. बाहेर ओट्यावर जाऊन बसा."