सुखदेवभाऊंची पहिली गाडी

आमच्या शेजारचे सुखदेवभाऊ रोज संध्याकाळी एका मडक्याभोवती चक्कर मारतात. हातात छोटा लोखंडी पाना असतो. बसचे टायर तपासावेत तसं त्या पान्यानं मडक्याच्या पोटावर टकटक करतात, कान लावून ऐकतात, वर ओलं फडकं बांधतात आणि अंगणात येऊन गल्लीभर ऐकू जाईल असं जाहीर करतात, "पहिली गाडी तयार!"

मडक्यात दुसऱ्या दिवशीचा नाश्ता असतो. चॉकलेटचा.

भाऊंनी जन्मभर बस चालवली. अहेरीहून सिरोंच्याला जाणारी पहाटेची पहिली गाडी म्हणजे सुखदेवभाऊ, हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. रिटायर झाले, स्टिअरिंग सुटलं, पण आदल्या संध्याकाळी डिझेल, हवा, पाणी पाहून ठेवायची सवय काही सुटली नाही. "सकायी उठून डिझेल शोधते तो ड्रायव्हर नाई जी गुरुजी," ते मला म्हणतात, "तो पॅसेंजर." गुरुजी म्हणजे मी. इथल्या शाळेत मराठी शिकवतो, आणि सकाळी उठून चष्म्यापासून चपलेपर्यंत सगळं शोधतो. बायकोच्या मते मी पॅसेंजरसुद्धा नाही, स्टँडवर विसरलेलं सामान आहे.

ही चॉकलेटची गाडी निघायची ती प्रणालीसाठी. प्रणाली भाऊंची एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. प्रणालीला पोलीस व्हायचंय. गेल्या साली भरतीच्या धावण्यात ती मैदानावर मध्येच पोट धरून बसली, आणि यंदा पुन्हा उतरणार होती. आता नाही तर कधीच नाही, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे भाऊंच्या घरात दुसरा विषय नव्हता. भिंत सामाईक असल्यानं आमच्याही घरात नव्हता.

गेल्या सालच्या त्या धावण्यानंतर एक गोष्ट झाली. भाऊंच्या घरात दूध येणं बंद झालं. दूध, दही, तूप, सगळंच. चहासुद्धा कोरा. गल्लीत तर्क सुरू झाले. कोणी म्हणे, भाऊंनी नवस बोलला. कोणी म्हणे, गवळ्याशी वाजलं. मी सुशिक्षित असल्यानं माझा तर्क त्याहून चुकीचा होता. भाऊंचं कोलेस्टेरॉल वाढलं असणार असं ठरवून मी त्यांना पाऊण तास पथ्य समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो रूट बंद झाला, गुरुजी." बस्स. पुढे विचारायची सोय नव्हती.

मग एक दिवस प्रणालीनं त्यांना फोनवर एका परदेशी बाईचा व्हिडिओ दाखवला. ती बाई रात्री काचेच्या बरणीत ओट, कसल्याशा काळ्या बिया, बदामाचं दूध, झाडाचा पाक आणि कोको कालवून ठेवी आणि सकाळी हसत हसत खाई. प्राण्यापासून आलेलं काही नाही, प्रोटीन भरपूर, चव चॉकलेटची. भाऊंनी तो व्हिडिओ दुकानदार माल पारखतो तसा पुन्हा पुन्हा पाहिला आणि निकाल दिला, "गाडी चांगली हाय. पार्ट इकडचे टाका लागन."

मग त्यांनी सगळे पार्ट बदलले. ओटांच्या जागी फुटाण्याचं पीठ. काळ्या बियांच्या जागी जवस. बदामाच्या जागी सोयाबीन, रात्रभर भिजवून, सालं चोळून काढून, वाटून, कच्चा वास जाईपर्यंत उकळून काढलेलं त्याचं दूध. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा गोळा. झाडाच्या पाकाच्या जागी मोहफुलं, कढईत खरपूस भाजून, पाण्यात आटवून केलेला काळाभोर पाक. वर चारोळी. फक्त कोकोपुढे आमच्या जंगलानं हात टेकले. तो चंद्रपूरहून येणाऱ्या बसमधून कंडक्टरच्या हाती येई, आणि स्टँडवर पुकारा होई, "भाऊ, तुमची काळी पावडर आली!" ज्यांना ठाऊक नव्हतं, ते भाऊंकडे वेगळ्याच नजरेनं बघत.

चव पाहायला अर्थातच मी. पहिल्या मडक्यात चमचा उभा राहिला आणि मी बसलो. दुसऱ्यात कोको इतका पडला होता की शाळेत फळ्यावर लिहिताना जीभ बाहेर काढून पाहावीशी वाटत होती. "कसं काय, गुरुजी?" भाऊ विचारत. मी मान हलवी. "पिकअप नाई ना?" ते स्वतःच म्हणत. "थांबा, उद्या जवस वाढवतो. आइल कमी पडून राह्यलं."

आणि एक दिवस जमलं. मऊ, घट्ट, गार. खरवसासारखं थरथरणारं, आणि मोहाचा तो जंगली गोडवा मागून हळूच येणारा. त्या दिवसापासून भाऊंनी नम्रता सोडून दिली. आठवडी बाजारात, सलूनमध्ये, एकदा तर मयतीच्या मांडवात त्यांनी पाककृती सांगितली. "दूध नाई, अंड नाई, मटण नाई. तरी मायी पोट्टी पळते का नाई पाह्यजा." प्रणाली पहाटे मैदानावरून यायची, डबा रिकामा करायची आणि चमच्यानं डब्यावर दोनदा वाजवायची. टण टण. डबल बेल म्हणजे गाडी सोडा. भिंतीपलीकडे आम्ही त्यावर घड्याळ लावायचो.

आता माझं. मला पोट आहे. प्रणालीचं पाहून मीही ठरवलं की आपणही आदल्या दिवशी करून ठेवायचं. भाऊंना विचारायचं म्हणजे पुन्हा पॅसेंजर ठरायचं. म्हणून न विचारता केलं. कोको उसना आणला, प्रणालीकडून, गुपचूप. मोहफुलं भाजायची, आटवायची कटकट कशाला? भिजवली की फुगतातच. एप्रिल महिना होता. कच्ची मोहफुलं कोमट पाण्यात भिजवून, सगळं कालवून, डब्याला घट्ट झाकण लावून मी तो चुलीजवळच्या फळीवर ठेवला. 'आदल्या दिवशी' ऐवजी दोन दिवस आधी केला, म्हणजे भाऊंच्याही पुढे.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर फुस्स झालं. चॉकलेटला बुडबुडे आले होते. वास ओळखीचा होता, पण स्वयंपाकघरात ओळखीचा नव्हता. बायको म्हणाली, "फेकून द्या." फेकलं असतं तर हरलो असतो. मी डबा संपवला.

आता हे लक्षात घ्या की आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि मी शिक्षक आहे. शाळेत पोचेस्तोवर कान गरम झाले होते. प्रार्थना मी नेहमीपेक्षा जास्त भक्तीनं म्हटली. शेजारी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका बाई जरा सरकल्या.

"गुरुजी, तब्येत बरी हाय ना?"

"उत्तम! नाश्ता करून आलो, बाई."

"तोच वास येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "घरी जा. अन् कोणाशी बोलू नोका."

घरी परतताना भाऊ दारातच होते. त्यांनी मला एकदा वास घेऊन तपासलं आणि पोट धरून हसले. "मोह न भाजता भिजवला काय जी? तेबी झाकण दाबून? बाप्पा! गुरुजी, तुमी नाश्ता नाई, भट्टी लावली!" त्यानंतर महिनाभर ते मला पाहिलं की तोंडानं हॉर्न वाजवायचे आणि रस्ता सोडून उभे राहायचे.

थंडी पडली आणि भरतीचा दिवस आला. प्रणाली आदल्या दिवशी मैत्रिणींसोबत गडचिरोलीला गेली. भाऊंनी डबा ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे होते. पण सोबत गेले नाहीत.

त्या सकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. भाऊ पाना घेऊन घरभर फिरत होते. मडकं ठोकलं, दाराची कडी ठोकली, पाण्याची टाकी ठोकली. शेवटी माझ्या शेजारी बसले.

"मागच्या साली मी गेलो होतो सोबत," ते म्हणाले.

"माहीत आहे. यंदा का नाही गेलात?"

"मागच्या साली मीच देलं होतं तिले."

"काय?"

"दूध. म्हशीचं, बिनपाण्याचं. कोण्या गावच्या गवळ्याले उठवून आणलं. ग्राउंडच्या गेटवर उभा राहून ग्लासभर पाजलं. म्हटलं, पी माय, ताकद येते. ते पेली. अन् अर्ध्या ग्राउंडवर बसली."

त्यांनी पान्यानं ओट्यावर एकदा टकटक केली.

"तिले लहानपणापासून दूध नाई पचत, गुरुजी. तुमच्या घरच्या बाईले माहीत. शाळेतल्या मॅडमले माहीत. मलेच नाई. मी सकायी घरी होतो कधी? ते उठे तवा मी आलापल्लीच्या पुढं जंगलात. बसमधल्या कोणत्या म्हातारीले कोणत्या वळणावर ओकारी येते, ते मले पाठ होतं. मायी पोट्टी सकायी काय खाते, ते नाई."

"पण मग ती प्यायलीच कशाला? सांगायचं ना."

"मी हौसेनं आणलं म्हणून," भाऊ म्हणाले आणि पाना हातात फिरवत राहिले.

मला माझ्या पाऊण तासाच्या कोलेस्टेरॉलची आठवण झाली. प्रणाली लहानपणी रोज सकाळी आमच्याकडेच पोहे खायची. बायको तिच्यापुढे दुधाचा कप कधीच ठेवायची नाही. मी तिथेच पेपर वाचत बसलेला असे.

फोन वाजला. माझा वाजला, कारण भाऊंनी आपला फोन सकाळीच पिठाच्या डब्याशेजारी ठेवून दिला होता आणि त्याच्याकडे ते पाहत नव्हते. पलीकडे प्रणाली होती, मैदानाबाहेरून, धापा टाकत. "काका! निघालं! टाइमात निघालं! पयल्या पाचात!"

मी फोन भाऊंकडे धरला. त्यांनी हात मागे घेतले.

"विचारा," ते म्हणाले, "डबा खाल्ला का."

"खाल्ला म्हणा," प्रणाली ओरडली, ते ओट्यावर आम्हा दोघांनाही ऐकू गेलं. "चाटूनपुसून! अन् बाबाले सांगा, डबल बेल!"

भाऊ उठले, आत गेले, बराच वेळ नळ चालू ठेवला. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि अंगावर जुना खाकी शर्ट होता. तसेच स्टँडवर गेले. सिरोंच्याच्या गाडीतल्या प्रत्येक पॅसेंजरला त्यांनी खिडकीतून बातमी दिली. गाडी तेवढी उशिरा सुटली. ड्रायव्हरनंच इंजिन बंद केलं होतं.

पुढची लेखी परीक्षाही पास होऊन प्रणाली ट्रेनिंगला गेली. मला वाटलं, आता मडकं पालथं पडेल. पण संध्याकाळी पुन्हा टकटक ऐकू आली. मी कुंपणावरून डोकावलो. "आता कोणासाठी, भाऊ? तुम्हाला तर चॉकलेट आवडत नाही."

"कडूच लागते मले," ते म्हणाले. "पण पहिली गाडी हाय ना जी. स्टँडवर कोणी नसलं तरी वेळेवर सोडा लागते. पुढं कोणी हात दाखवते."

फडकं बांधून ते आत गेले. त्या संध्याकाळी 'तयार'ची आरोळी काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणी न उठवता उठलो आणि त्यांच्या दारात जाऊन, रस्त्यात उभा राहून बसला दाखवतात तसा हात दाखवला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि प्रणालीचा डबा पुढे केला.

तेव्हापासून रोज मीच. वजन उतरलेलं नाही, उलट. घरी आणून, भिंतीला टेकून खातो. आणि संपलं की चमच्यानं डब्यावर दोनदा वाजवतो.

 पलीकडून भाऊंचा आवाज येतो, "कोपऱ्यात राह्यलं असन, गुरुजी. खरडून खा. मंग वाजवा."