छायकाकांच्या ऑर्किडचं बारसं

“शाओशिंगमध्ये ऑर्किड फुलवावं तर छायकाकांनीच!” असं खुद्द छायकाकाच अख्ख्या गल्लीला सांगत सुटले होते. आणि या वसंतात त्यांना बोलायला तोंडही होतं! दिवाणखान्यातल्या कुंडीत वर्षानुवर्षं नुसती गवतासारखी पाती डुलायची. त्या झुबक्यातून यंदा एक कळी वर आली होती. पोपटी, लाजरी, जणू कमळाची धाकटी बहीण. असली जात कुणी पाहिलेलीच नव्हती.

नव्या जातीला फुलवणाऱ्याचं आडनाव मिळतं, ही चीनमधली रीत. नाव ठेवायला ऑर्किड मंडळाचे शौ आजोबा रविवारी यायचे होते. छायकाकांना मूलबाळ नव्हतं. ‘छाय’ हे नाव मागे राहायचं तर या कुंडीतल्या लेकीमुळेच!

फुलाचा सुगंध फार नाजूक. म्हणून काकांनी घरात फर्मान काढलं. “शुएइंग, रविवारपर्यंत लसूण नाही, मासळी नाही, तळण नाही!”

“श्वास घेतला तर चालेल ना?” काकू म्हणाल्या.

“दाराकडे तोंड करून घे! आणि तुझ्या माहेरची ती बरणी आधी घराबाहेर!”

बरणीत राजगिऱ्याच्या देठांचं आंबवलेलं खारवण होतं. काकूंच्या आजीच्या हातचं, दरसाल भर घालून जिवंत ठेवलेलं. त्यात टोफू मुरवला की शाओशिंगकरांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि परगावचा पाहुणा चप्पल न घालताच पळतो!

“बरणीला हात लावाल तर याद राखा!”

पण काका कसले ऐकतात! रविवारी सकाळी त्या बाजारात गेल्या आणि काकांनी कोठीतून बरणी उचलली. पोटाशी धरून, हळू हळू, दिवाणखान्यातून निघाले. निघाले आणि थबकले.

कळी उमलली होती.

काका बघतच राहिले. डोळे फुलावर, जीव फुलात, आणि हात? हात कुणाचेच नव्हते!

धाडकन्!

खारवण लादीभर पसरलं. वास कसला, वाजतगाजत निघालेली वरातच ती! खिडकीतून गल्लीत गेली, गल्लीतून कालव्यापर्यंत. पाचच मिनिटांत शेजारपाजार वाडगे घेऊन दारात हजर!

“काकू, टोफू तळताय वाटतं? जरा आम्हालाही!”

पिशवी घेऊन परतलेल्या काकू खापरांकडे बघून मटकन बसल्या. आणि त्यांच्या मागोमाग, काठी टेकत, शौ आजोबा!

“आजोबा, माफ करा, आज नको, पुढच्या...” काका रडकुंडीला आले.

“श्श!” आजोबांनी डोळे मिटले.

त्या घनघोर दर्पाखालून काहीतरी येत होतं. पहाटे दूरच्या घरातून जात्यावरची ओवी ऐकू यावी तसं. कुणाला न ढकलता, कुणाशी न भांडता, वाट काढत आलेला एक बारीक, गार सुगंध. वाडगेवाले वाडगे विसरले. काकू उठून उभ्या राहिल्या. आजोबा तर खारवणातच गुडघे टेकून बसले!

“स्वच्छ खोलीत फुलं पुष्कळ हुंगली,” ते हलकेच म्हणाले. “असलं पहिल्यांदाच. हिवाळ्यात कुठे ठेवलं होतंत हो?”

“इथेच, शेगडीजवळ! पोटच्या पोरीसारखं!”

“शक्यच नाही. गारठ्यात राहिल्याशिवाय याला फूल धरत नाही.”

काकूंनी घसा खाकरला. “हे थंडीभर हांगचौला भावाकडे होते ना, तेव्हा कुंडी मी कोठीत ढकलली होती. माजाँगच्या डावाचं टेबल मांडायला जागा नको का?”

“कोठी म्हणजे ओलावा, काळोख?”

“आणि गारठा! आजोबा, बरणीसुद्धा कुडकुडायची.”

“पाणी घालत होतीस?”

“आठवलं तर.”

“माहेरचं आडनाव काय, पोरी?”

“लौ.”

आजोबांनी कुंचला काढला आणि पाटीवर लिहिलं: ‘लौ-कमळ’.

काकांनी तोंड उघडलं. पण त्या सुगंधासमोर भांडणार कसं? त्यांनी फडकं घेतलं आणि लादी पुसायला बसले.

पुढच्या रविवारी निंगपोहून काही ऑर्किडवेडे दारात उभे. “लौ-कमळवाले लौकाका इथेच राहतात ना?”

काकांनी आत डोकावून बघितलं. काकू माजाँगमध्ये गुंग होत्या.

“हो हो,” ते हळूच म्हणाले, “मीच तो. या ना!”