नानांचा तुलनेचा कान

तुम्ही मोबाइलवरचं बोलणं संपवलंत आणि एका अनोळखी म्हाताऱ्याने येऊन तुमच्या कानाला उलटा हात लावला, तर काय कराल? धुळ्यात हा प्रसंग बऱ्याच जणांवर आला. एक कान झाला की नाना दुसरा चाचपत. "हाऊ तुलनाना कान," एवढाच खुलासा. मग खिशातली वही काढून दोन्ही कानांची नोंद.

नाना आमचे शेजारी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडामांड केली, परीक्षानळ्या धुतल्या. स्वतःचा प्रयोग एकही नाही. तेव्हा गावात मोबाइल मोजकेच. मोबाइलच्या लहरींनी डोक्याला अपाय होतो का, यावर परदेशात संशोधन चाललंय, असं त्यांनी पेपरात वाचलं आणि कामाला लागले. फैजपूरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने चिडून हात झटकला, तर शांतपणे म्हणाले, "डावा गरम शे." कुणी वाद घातलाच, तर यांचं ठरलेलं: "पुरावा कोठे शे?"

याचं मूळ अलका. आईविना वाढलेली त्यांची एकुलती लेक. पुण्याला कंपनीने तिला मोबाइल दिला होता. दर रविवारी सकाळी ती आमच्या घरी फोन करायची. नाना तासभर आधीच टोपी घालून खुर्चीत हजर. फोन आला की पहिला प्रश्न, कोणत्या फोनवरून? मोबाइल म्हटलं की तब्येत विचारायची, "ठेव, कान तापी" म्हणायचं आणि संपलं. मला त्यांचा रागच यायचा. पोरगी आठवडाभर वाट बघत असेल की नाही?

शेवटी अलका हट्टाला पेटली. एका रविवारी तिने एसटीडी बूथवरून फोन केला. नाना पाऊण तास बोलले; लोणच्यापासून तिच्या आईच्या आजारपणापर्यंत सगळं. फोन ठेवल्यावर सवयीने त्यांनी स्वतःच्या कानाला उलटा हात लावला. मग दुसऱ्याला.

"भाऊ, तू पाहा बरं."

कान चांगलाच तापला होता. वायरच्या साध्या फोनने, नुसता दाबून धरल्यामुळे. साध्या फोनवाल्याचाही कान तपासावा, हे प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या माणसाला सुचलं नव्हतं.

"प्रयोगच चुकना," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "इतला रविवार वाया गयात." एरवी मी चेष्टेची संधी सोडत नाही; त्या दिवशी सोडली.

पुढच्या रविवारी फोन आला. कोणता, हे त्यांनी विचारलंच. मोबाइल होता. अपाय होत नाही, असंही काही सिद्ध झालेलं नव्हतं, आणि ते नानांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढली.

"बोल माय," नाना म्हणाले, "पन कान बदली बदली बोल."