गांगुर्डे काकांची उपसूचना

लग्नाच्या पंगतीत जिलेबीचा आग्रह झाला, की गांगुर्डे काका पानावर हात आडवा धरतात. "उपसूचना! 'घ्यावीच लागेल' हे शब्द काढा, 'घेता येईल' असे घाला." वाढपी बिचारा पुढच्या पानाकडे पळतो.

मनमाडला रेल्वेत नोकरी करून काका निवृत्त झाले आणि नाशिकला आमच्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावर, माझ्या शेजारी राहायला आले. येताना संविधान सभेतल्या चर्चांचे खंड दोन पेट्या भरून आणले. रोज सकाळी ते मोठ्याने वाचतात आणि समासात पेन्सिलीने स्वतःचंही मत नोंदवतात. "एकेका शब्दासाठी भांडलेत, मॅडम! तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच सभागृहात बसले," असं जिना उतरता उतरता मला ऐकवतात.

गेल्या महिन्यात सोसायटीची नियमावली करायला सगळे पार्किंगमध्ये जमलो. अध्यक्ष जाधवसाहेब भराभर वाचत होते. "नियम नऊ. घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. मंजूर?"

काका उभे राहिले. "नामंजूर."

"काका, ही साधी सोसायटी आहे, देश नाही."

"मग देश कुठे राहतो? मनमाड स्टेशनावर?"

हशा पिकला. काका हसले नाहीत. "जिच्याबद्दल नियम करताय, तिला आधी बोलवा. तोवर मी खाली बसत नाही."

ते खरंच बसेनात. शेवटी सातव्या मजल्यावर काम करणाऱ्या शोभाबाईंना बोलावलं. त्या पदर सावरत म्हणाल्या, "सात मजले चढून गेलं की हात लय थरथरतो, साहेब. मग कप फुटतो. बोलणी मलाच बसत्यात."

जाधवसाहेबांनी तडजोड काढली. बायकांनी लिफ्ट वापरावी, पण सकाळी आठ ते दहा नको, तेव्हा गर्दी असते.

"त्यांच्या कामाची वेळ तीच!" काका कडाडले. "तडजोड गर्दीवर करा, माणसावर नको. माझी उपसूचना लिहा. आठ ते दहा पहिल्या मजल्यावरच्यांनी जिना वापरावा."

मीही पहिल्याच मजल्यावरची. मला कुणी विचारलं नाही! पण मतदानात माझा हात आपोआप वर गेला. दोन मतांनी उपसूचना मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गुडघ्याला पट्टा बांधून, कठडा धरून, एकेक पायरी चढत होते. जाधवसाहेबांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. "काका, या हो." काकांनी मानेनेच नाही म्हटलं.

संध्याकाळी अभिनंदन करायला मी त्यांच्याकडे गेले. काका उघड्या खिडकीशी गप्प बसले होते.

"जिंकलात की, काका. मग असे का?"

"काल किती छान भांडलो सगळे," ते हळूच म्हणाले. "मनमाडला आमची ही चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक गोष्टीला विरोध करायची. आमटीत गूळ किती, इथपासून. ती गेली आणि घरात सगळं बिनविरोध व्हायला लागलं. आज खिचडी करू? मंजूर. खिडकी उघडू? मंजूर."

मी म्हणाले, "ती खिडकी बंद करा बघू. वारं झोंबतंय."

काकांनी वर पाहिलं. चष्मा पुसला आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"का म्हणून बंद करायची? कारणं सांगा!"