सायकलवीर जावयाचे पाय

रणजितला सायकल घेऊन चार महिने झाले होते आणि सायकलवर बोलायला लागून सहा! सायकल घरात यायच्या आधीच त्यानं अर्ध्या काटेवाडीला गिअर समजावून सांगितले होते. सायकल आल्यावर तर विचारूच नका. कुणी चहाला बोलावलं तरी हा डोक्यावर हेल्मेट घालून जायचा.

सराव म्हणाल तर रोज सकाळी कालव्याच्या कडेनं. आता हा कालव्याचा रस्ता इतका सपाट, की त्यावर मोसंबं ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही तिथंच सापडावं. पण रणजितला वाटायचं, जग सगळं असंच आहे.

अशात अधिक महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची दिवाळी. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून घरी बोलवायचं, त्यांचे पाय धुवायचे आणि पुरणाचे धोंडे पोट फुटेस्तोवर खाऊ घालायचे. रणजितच्या सासऱ्यांचा, मानसिंगरावांचा फोन आला. त्यांची वस्ती लोणी देवकरच्या अलीकडं, इंदापूरच्या माळावर.

"रविवारी या, पाव्हणं. गाडी सावकाश हाना."

आणि रणजितच्या तोंडून निघून गेलं, "गाडी कशाला, मामा? सायकलवर येतो! म्हसोबाचा चढ काढून!"

म्हसोबाचा चढ म्हणजे कडबनवाडीकडचा तो खडा रस्ता, जिथं रिकामा ट्रॅक्टरसुद्धा खोकतो.

"काय सांगता! सायकलीवर?" मानसिंगराव म्हणाले. "शाब्बास! ह्याला म्हणत्यात मर्दाचं काम!"

आता या 'शाब्बास'चं मोल तुम्हाला कळायचं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी रणजितनं सासऱ्यांचा ट्रॅक्टर उसाच्या पाटात घातला होता. मानसिंगराव तालमीत वाढलेला गडी. त्या दिवसापासून त्यांनी या ऑफिसात बसणाऱ्या जावयाला आठ वर्षं एकच प्रश्न विचारला होता, "बरं हाय न्हवं?" उत्तराचीही वाट बघायचे नाहीत. आणि आज शाब्बास! रणजितच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बायकोच्या, रेश्माच्या कपाळावर मात्र आठी चढली.

"अहो, धोंड्याला जोडीनं जायचं असतं. गुमान गाडीत बसा."

"आता शब्द गेलाय माझा!"

"शब्द गेलाय खरा. पण तुमी जाल का?"

रणजितनं तिकडं दुर्लक्ष केलं. रविवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. पण टायरमध्ये हवा भरणं, पोटऱ्यांना तेल लावणं आणि चार कोनांतून फोटो काढणं यात ऊन चांगलं डोक्यावर आलं. लेकीला, छकुलीला गाडीत बसवून रेश्मा पुढं गेली. रणजितनं अंगाला चिकटलेली ती सायकलवाल्यांची काळी तोकडी चड्डी आणि पोपटी बनियन चढवलं, पेडलला खटकन अडकणारे बूट घातले आणि निघाला.

लासुर्ण्यापर्यंत गडी वाघासारखा गेला. मग रस्त्यानं मान वर केली आणि वाघाची जीभ बाहेर आली! झाड नाही, सावली नाही, खाली डांबर वितळतंय आणि वर सूर्य. गिअर होते तेवढे सगळे संपले. रणजित पेडलवर उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी मागून आली आणि त्याच्या शेजारून पुढं गेली. चालत!

दोन पावलं पुढं जाऊन ती वळली. "लेकरा, पंचर झालीया का?"

"न्हाय आजी... चालवतोय..."

"व्हय? मला वाटलं उभाच हाईस."

म्हातारी दिसेनाशी झाली आणि सायकल खरोखरच उभी राहिली. आता उभ्या सायकलवरून माणूस पाय टेकतो. पण याचे पाय पेडलला अडकलेले! रणजित हळूच, अगदी सावकाश, एखादा जुना वासा कलावा तसा डावीकडं कलला आणि सायकलसकट वेड्या बाभळीत आडवा झाला.

किती वेळ पडला होता कोण जाणे. एक पिकअप येऊन थांबली. मागं पंधरा-वीस शेळ्या, पुढं नागेश. हा सासऱ्यांच्याच वस्तीवरचा, शेळ्यांचा व्यापार करणारा.

"आरं, दाजी तुमी!" नागेश खाली उडी मारून म्हणाला. "वस्तीच्या फाट्यावर फोटो बघितला म्हणून वळाखलं, न्हायतर ह्या कापडात कोण वळाखणार?"

"कसला फोटो?"

"तुमचाच की! मामांनी फ्लेक्स लावलाय. 'म्हसोबाचा चढ सर करणारे सायकलवीर जावई'! हलगीवाले बी बोलावल्यात. सगळी भावकी जमलीया."

बाभळीचे काटे जे करू शकले नव्हते, ते या बातमीनं केलं. रणजितच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नागेश," तो म्हणाला, "मला फाट्याच्या अलीकडं सोड. पाण्याच्या टाकीच्या मागं. पण शप्पथ घे, कुणाला सांगणार न्हाईस!"

"माझ्या तोंडातनं जायाचं न्हाय, दाजी," नागेश काटे उपटत म्हणाला. "शेळ्यांचं मी सांगू शकत न्हाय."

पुढं नागेशशेजारी बसावं, तर काचेतून कुणीही बघणार. म्हणून सायकलवीर सायकलसकट शेळ्यांत शिरले! पाय ठणकत होते, म्हणून त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. एका शेळीनं त्याच्या सायकलच्या पिशवीतली केळी खाल्ली. दुसरीनं घामाच्या मिठासाठी त्याची पोटरी चाटायला घेतली. तिला ढकलण्याइतकंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं. पिकअपनं म्हसोबाचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये लीलया काढला.

पाण्याच्या टाकीमागं नागेशनं त्याला उतरवलं. रणजितनं घाईघाईत बूट चढवले. उजव्या बुटात खडे गेल्यासारखं टोचत होतं, पण हलगी कडाडताना ऐकू येत होती. आता बूट काढून कोण बघतो? बाटलीतलं उरलेलं पाणी त्यानं घामासारखं तोंडावर शिंपडलं, पोट आत घेतलं आणि फाट्यावर वळला.

काय तो थाट! फ्लेक्सवर हा दोन पुरुष उंच. खाली सगळी भावकी, पुढं हलगी आणि मधोमध फेटा बांधलेले मानसिंगराव. मेहुणा युवराज मोबाईल रोखून धावत आला.

"दाजी, चढाला किती येळ लागला?"

"फार न्हाय लागला," रणजित म्हणाला. हे खरंच होतं.

"मधी कुठं थांबलासा?"

"चढावर? वर पोचेपर्यंत एकदाबी न्हाय!" गाडीत बसल्यापासून धरलं तर हेही खरं.

"पाय टेकला आसंल की?"

"पाय जमिनीला लागला असंल तर शप्पथ!"

टाळ्या पडल्या. आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, असं रणजित मनाशी म्हणत होता. पण आत कुठंतरी त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

सासूबाईंनी, लीलाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याची चड्डी बघून पदर तोंडाला लावला. "अगं बाई! जावयबापूंच्या अंगावर कायतरी घाला कुणीतरी!" कुणीतरी कमरेभोवती टॉवेल गुंडाळला. कपडे बदलतो म्हटलं, तर मानसिंगराव ऐकेनात.

"न्हाय, न्हाय! आशेच बसा. पाट अंगणातच मांडा. बघू द्या लोकांस्नी, पाय कसं आसत्यात!"

रेश्मा जोडीला येऊन बसली. बसल्या बसल्या तिनं नाक मुरडलं.

"शेळीचा वास कुठनं येतोय हो?"

"माळावरनं," रणजित पुटपुटला. पाटावर बसलेला हा नारायण आता खऱ्या घामानं भिजत होता.

मानसिंगराव दुखरा गुडघा धरत समोर खाली बसले. सत्तरीचा माणूस, पाच गावच्या कुस्त्या मारलेला, जावयाच्या पायाशी! रणजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, बूट मी काढतो," तो कळवळून म्हणाला.

"हात लावू नगा! आज मान माझा हाय." आणि भावकीकडं वळून, "माझ्या जावयाला ट्रॅक्टर येत न्हाय म्हणून हसत हुतासा न्हवं? बघा आता!"

आत्ताच बोलावं, सगळं सांगून टाकावं, असं रणजितला वाटलं. तोंडसुद्धा उघडलं. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून त्यानं डावा पाय पुढं केला. डावा बूट निघाला. उजवा निघाला. आणि त्यातून मानसिंगरावांच्या तळहातावर तीन टपोऱ्या लेंड्या पडल्या.

मानसिंगरावांनी लेंड्यांकडं पाहिलं. मग जावयाच्या पोटरीकडं. तिथं एक शेळीचा केस चिकटला होता. मग सरळ जावयाच्या डोळ्यांत.

"काय निघालं, आबा?" मागून रेश्माचा एक चुलता मान उंचावून म्हणाला.

मानसिंगरावांची मूठ मिटली. "काय न्हाय. खडं हायती," ते म्हणाले आणि मूठ सदऱ्याच्या खिशात रिकामी होऊन आली. मग त्यांनी हात धुतले, तांब्या उचलला, वाकले आणि फक्त रणजितला ऐकू जाईल असं बोलले, "नागेशची गाडी का?"

रणजितनं होकारार्थी मान हलवली.

"गप बसा. भावकी बघतीया."

आणि त्यांनी पाय धुतले. अगदी रीतसर, दोन्ही, घोट्यापर्यंत, टॉवेलनं पुसून, वर कुंकू लावून. त्यांनी चारचौघांत थोबाडीत मारली असती, तर रणजितनं उपकार मानले असते. लाज लाज म्हणतात ती अशी तळपायापासून चढते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

जेवायला बसल्यावर सासरे वाढणाऱ्यांच्या मागं उभे राहिले. "वाढा अजून! पाव्हण्यांनी चढ काढलाय!" धोंड्यावर धोंडा ताटात पडत होता आणि रणजित मान वर न करता एकेक संपवत होता.

उन्हं कलल्यावर मानसिंगरावांनी जाहीर केलं, "पाव्हणं जाणार बी सायकलीवरच! वाटंला लावाया मी जीप घिऊन मागं जातो." पुन्हा टाळ्या, पुन्हा हलगी. रेश्मा छकुलीला घेऊन गाडीतून पुढं निघाली. तिनं काचेतून नवऱ्याकडं असं पाहिलं, की तिला नाकानंच सगळं कळलं होतं हे रणजित समजला.

वस्ती नजरेआड झाल्यावर जीप पुढं येऊन थांबली.

"टाका सायकल मागं," मानसिंगराव म्हणाले.

रणजितच्या जिवात जीव आला. सुटलो! शेवटी थोर माणूस! जीप माथ्यावर चढली, म्हसोबाला वळसा घालून पलीकडं उतरली आणि पार लासुर्ण्याच्या बाजूला, चढाच्या पायथ्याशी थांबली.

"उतरा," सासरे म्हणाले. "सकाळी हितनं वर यायचं ऱ्हायलंय तुमचं."

"मामा, माझं चुकलं. पाया पडतो तुमच्या."

"पाया पडून हुतंय व्हय? फाट्यावर फ्लेक्स लागलाय. त्यावर माझंबी नाव हाय. ते खोटं ठिवायचं न्हाय मला." त्यांनी खिशातून त्या तीन लेंड्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. "हे तुमचं सामान. चालत चढा, रांगत चढा, पर चढा. मी मागं हाय."

पोटात अकरा धोंडे, समोर म्हसोबाचा चढ आणि मागं पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणारी सासऱ्यांची जीप! रणजित दहा पावलं चालवायचा, वीस पावलं ढकलायचा. घाम, धूळ आणि मधेच एक पुरणाची ढेकर. पण थांबला नाही.

अर्ध्या चढावर ती सकाळची म्हातारी रिकाम्या हातानं खाली येताना दिसली. त्याला बघून ती जागच्या जागी थबकली.

"आरं माझ्या लेकरा! सकाळधरनं हितंच हाईस व्हय?"

मागं जीपमध्ये मानसिंगराव खो खो हसायला लागले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"व्हय आजी," रणजित खाली मान घालून म्हणाला, "हितंच हाय."

शब्दाशब्दानं धरलं तर दिवसभरात तो हे एवढंच खोटं बोलला होता आणि तेवढ्याचीच त्याला लाज वाटली नाही.