तालुकदारसाहेबांच्या हातचा ब्रेक

निजामाच्या राज्यात, फसली १३३८ सालच्या, म्हणजे इंग्रजी १९२९च्या माघात, केजच्या वाटेवरच्या आमच्या गावात, सरकारी मोटारीला करपल्याचा वास येऊ लागला. त्याआधी गावात मोटारच आलेली नव्हती, त्यामुळे मोटारीला वास असतोच, असा पुष्कळांचा समज होता. मी तेव्हा परकर सावरत धावण्याच्या वयाची होते.

मोटार अव्वल तालुकदारसाहेबांची, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरांची. साहेब दौऱ्यावर आले आणि वेशीसमोरच्या उतारावर, लोकांना गंमत दाखवावी म्हणून, त्यांनी ब्रेकचा दांडा स्वतःच्या हाताने ओढला. मोटार जागच्या जागी उभी राहिली. गावाने वाहवा केली. साहेब खूष होऊन घोड्यावरून तितरांच्या शिकारीला गेले आणि तिथून परस्पर रजेवर हैदराबादला. जाताना तहसीलदार बद्रीनाथरावांना हुकूम देऊन गेले की, यंत्र गंजू नये म्हणून मोटार रोज केजच्या नाक्यापर्यंत फिरवून आणावी.

ब्रेक सोडावा, असं हुकुमात नव्हतं.

दुसऱ्या सकाळी सिदू डायवर मोटारीपाशी नुसताच उभा राहिला. "सरकार, दांडा सायबानं वढलाय," तो म्हणाला.

"मग?"

"सायबाच्या हातचं म्या कसं सोडू? मला काय हुद्दा हाय?"

बद्रीनाथरावांनी विचार केला. त्या काळी अदब होती. चावडीत साहेब उठले तेव्हा त्यांची खुर्ची दाराच्या मधोमध राहिली होती. तीही कोणी हलवली नव्हती. लोक मागच्या खिडकीतून जा-ये करत होते.

"तशीच चालव," ते म्हणाले.

सिदूने तशीच चालवली. आवळलेला ब्रेक चाकाला घासू लागला आणि वास सुटला. कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं, तहसीलदारांनाही होतं. अडचण निदानाची नव्हती, अदबीची होती. त्यांनी बीडला विचारणा केली. उत्तर आलं, "ब्रेकची बाब विचाराधीन आहे. तोवर वासाचा बंदोबस्त करावा."

बंदोबस्त सुरू झाला. आधी चाकांवर अत्तर शिंपडलं. त्याने करपलेल्या अत्तराचा वास येऊ लागला. मग असं ठरलं की, वास मोटारीचा की गावाचा, हे आधी वेगळं काढायला हवं. दवंडी पिटली गेली. निकाल लागेपर्यंत गावातल्या सगळ्या चुली विझवाव्यात.

त्याच दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचं, चतुराचं लग्न होतं.

कडा गावाहून वऱ्हाड येऊन उतरलं होतं. अक्षता पडायच्या होत्या. नवऱ्याचे वडील विठ्ठलराव रुसण्यात नामांकित. त्यांनी उन्हाकडे पाहिलं आणि माझ्या आईला, बायनाबाईला, हाक मारली.

"ईनबाई, पानं कवा मांडता?"

"चुली इझवल्यात, इवाईबुवा. सरकारी हुकूम हाय."

"बरं. मग आमी बैलं जुंपतो. पोरीला दुसरं ठिकाण बघा."

आई तशीच उठून वेशीकडे निघाली. मी तिच्या मागे. मोटार उतारावर उभी होती आणि बद्रीनाथराव तिच्याभोवती नाक वर करून फिरत होते.

"सायेब, समद्या गावच्या चुली गार हायत. वास तर येतुयाच."

"त्याचाच तपास चालू आहे, बाई. कोणीतरी चोरून चूल पेटवली असावी."

"ह्या चाकातनं धूर निघतुया की."

"धुराबद्दल वरून विचारणा नाही."

आईने तोंडापुढचा धूर पदराने वारला. मग म्हणाली, "सायबाच्या तोलाचा मानूस आला, तर दांडा सुटंल का?"

"सुटेल. पण तसा माणूस इथे कुठून आणणार?"

"माझ्या मांडवात बसलाय. हळद लागल्यावर नवरदेव राजाच असतो की. सकाळी तुमीच त्याला येशीत मुजरा केलाव."

बद्रीनाथरावांनी मुजरा केला होता खरा. आता तो मागे घेणं त्यांच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं. त्यांनी तिथेच जाहीर केलं की, नवरदेव गहिनीनाथ हे आजपासून हंगामी तालुकदार आहेत.

गहिनीनाथ आला. डोक्याला बाशिंग, डाव्या हातात लिंबू खोचलेली कट्यार. त्याने उजव्या हाताने दांडा सोडला. सिदूने सलाम केला. मोटारीने उतार धरला.

"सिदू, ब्रेक ओढ," बद्रीनाथराव म्हणाले.

"कसा वढू, सरकार? आत्ताच तालुकदारांनी सोडलाय."

मोटार डुलत डुलत उताराखालच्या नदीच्या डोहात गेली. थोडे बुडबुडे आले. बद्रीनाथरावांनी दीर्घ श्वास घेतला. वास पूर्ण बंद झाला होता. चुली पेटल्या, अक्षता पडल्या, विठ्ठलराव दोनदा बुंदी मागून जेवले.

वासाचा चोख बंदोबस्त केल्याबद्दल बद्रीनाथरावांना बढती मिळाली. मोटार रोज फिरवायचा हुकूम कायम असल्यामुळे सिदू रोज सकाळी डोहाकाठी जाऊन बसे. उन्हाळ्यात पाणी आटलं की आत बसून चाक फिरवी. त्याच कामावर तो म्हातारा झाला. गहिनीनाथची नेमणूक कोणी रद्द केली नाही, त्यामुळे विठ्ठलराव मरेपर्यंत स्वतःच्या मुलाला आदाब करत राहिले. चतुराचा संसार चांगला झाला. फक्त नवऱ्याने लावलेली दाराची कडी काढायची तिला कधी हिंमत झाली नाही. आई शेवटपर्यंत सांगत असे, की नवरा सोडायला गेला दांडा आणि सुटली ती मोटार.

निजाम गेला, तालुकदार गेले. चुली विझवायचा हुकूम मात्र मागे घ्यायचा राहूनच गेला. परवा साहेबांची जीप वेशीतून आत आली, तेव्हा शेजारच्या भिवराबाईने भाकरी तव्यावर टाकून गॅस बंद केला. मीही केला.

तुम्ही हसाल. पण हे वाचताना कुठून करपल्याचा वास आला, तर तुम्हीही उठून आधी आपलाच गॅस बंद कराल. मग खिडकीतून बघाल, साहेबांची गाडी गेली का म्हणून.