घाटात थांबलेलं इंजिन

सासरे रविवारी पाच वाजता येणार होते, आणि शुक्रवारी सकाळी इंजिन सहाव्याच मिनिटाला बंद पडलं. घड्याळजींनी ते रुळावरून उचललं आणि चटका बसताच तितक्याच घाईने खाली ठेवलं.

इंजिन होतं जेमतेम वीतभर. सासऱ्यांनी सत्तावीस वर्षं जे वाफेचं इंजिन चालवलं, त्याची ही हुबेहूब छोटी प्रतिकृती. फक्त विजेवर धावणारी. मागच्या खोलीत दोन वर्षं खपून घड्याळजींनी डोंगर, बोगदा, घाट, सगळं उभं केलं होतं, ते केवळ सासऱ्यांना दाखवण्यासाठी. लग्न ठरताना सासरे म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे, पण घड्याळं दुरुस्त करतो, चिमट्यावर पोट भरतो." त्याला बत्तीस वर्षं झाली, तरी तो चिमटा घड्याळजींना अजून टोचत होता.

"इंजिनाच्या पोटात डिकोडर असतो," त्यांनी बायकोला सांगितलं. "नखाएवढा. रुळातून आलेला हुकूम ओळखायचा आणि मोटरला पोचवायचा, एवढंच त्याचं काम. फार तापला की गडी हात वर करतो."

"मग बाबांना पाचच मिनिटं दाखवा."

"चालणार तर तासभर चालेल! आजवर एक घड्याळ माझ्या हातून हरून परत गेलेलं नाही."

आधी त्यांनी टेबलफॅन लावला. डिकोडर तसाच तापला. झाडं मात्र उन्मळली आणि स्टेशनमास्तर उडून बोगद्यात पडला. मग इंजिनाच्या तळाला हवेसाठी भोकं पाडली. इंजिन सात मिनिटं चाललं.

"सहाचे सात झाले," बायको म्हणाली. "महिन्याभरात तास होईल."

शनिवारी त्यांनी नवा कोरा डिकोडर बसवला. तोही तापला.

"सून बदलली तरी भांडण तेच," घड्याळजी पुटपुटले. "म्हणजे दोष सुनेत नाही, घरात आहे."

त्यांनी मीटर लावून पाहिलं. मोटर दुप्पट वीज ओढत होती आणि सगळा भार बिचाऱ्या डिकोडरवर पडत होता. चाकं उघडली, तर जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी दाता न् दाता पुसला, जेवायची हाक तीनदा परतवली, आणि रविवारी दुपारी इंजिन सपाटीवर सलग अर्धा तास पळालं. हाताला लागलं ते कोमट.

आनंदाच्या भरात त्यांनी मागे नऊ डबे जोडले.

"चार पुरेत हो," बायको म्हणाली.

"बाबांनी कधी चार डबे ओढलेत का?"

पाचला सासरे आले. काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीत बसले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलेना. गाडी स्टेशनातून सुटली, बोगद्यातून निघाली, घाट चढू लागली आणि अर्ध्या चढावर गप्पकन थांबली.

घड्याळजींनी घाईने इंजिनाकडे हात नेला. "एक मिनिट बाबा, मी बघतो..."

"हात लावू नका!"

सासरे काठी टेकत उठले, वाकले आणि पालथा हात अलगद इंजिनाच्या पाठीला लावला. "तापलंय. निवू दे. ओझं जास्त झालं की माझंही अश्शाच चढावर थांबायचं. गार्ड शिव्या घालत यायचा आणि मी न् माझा फायरमन दगडावर बसून चहा प्यायचो." ते लेकीकडे वळले. "बाळ, चहा टाक."

मग ते बोलत सुटले. धुकं, ओले रूळ, संतापलेले प्रवासी. बत्तीस वर्षांत मिळून जावयाशी बोलले नसतील एवढं वीस मिनिटांत बोलले. तेवढ्यात डिकोडर निवला आणि गाडी आपसूक हलली.

"वाफ धरली!" सासरे ओरडले. "जावईबापू, हे माझंच इंजिन आहे हो! अगदी माझंच!"

एवढ्यावर एखादा गप्प बसला असता. पण घड्याळजींना झोप कुठली? सोमवारी त्यांनी इंजिन पुन्हा खोललं. मागच्या आसाला लोकरीचा बारीक धागा करकचून गुंडाळलेला सापडला, त्यांच्याच स्वेटरचा. तो चिमट्याने उलगडून काढला. मग डिकोडर मोटरपासून लांब सरकवला आणि उष्णता पसरायला त्याच्या पाठीला धातूची पट्टी चिकटवली. नऊ डबे, पूर्ण घाट, सलग तासभर! हाताला गार. त्यांनी स्वतः फोन करून सासऱ्यांना पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं.

सासरे आले ते खिशात बिस्किटांचा पुडा घेऊन. गाडी सुटली. घाटाच्या मध्याशी येताच त्यांनी पुडा फोडला आणि लेकीला चहाची खूण केली. गाडी मात्र थांबली नाही. सरसर वर चढली, वळली, उतरली, पुन्हा चढली. सासरे चार फेऱ्या बघत राहिले. मग पुड्याचं तोंड दुमडलं.

"मागच्या वेळी छान होतं की. काय केलंत त्याला?"

"दुरुस्त केलं, बाबा."

सासऱ्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेने पहिल्यांदाच.

"असू दे," ते म्हणाले. "मन लावून केलं तरी बिघडतं कधीकधी."